संख्याशास्त्राच्या वर्गात ‘का?’ विचारताना या चुका टाळा

सर्वांत वाईट खोड म्हणजे उत्तर चुकलं तरच ‘का?’ विचारणं. पोरं चार दिवसांत ओळखतात की सरांनी ‘का’ म्हटलं की उत्तर खोडायचं. मग ‘मध्यक (क्रमाने लावल्यावर मधला आकडा) का घेतलास?’ विचारलं तर लगेच, ‘बरं सर, सरासरी घेते.’ मी बरोबर उत्तरालाच आधी ‘का’ लावतो, तेही चेहरा कोरा ठेवून.

दुसरी चूक, वर्ग गप्प झाला की आपणच उत्तर सांगून टाकणं. अमेरिकेचं चॅलेंजर अवकाशयान 28 जानेवारी 1986 ला कोसळलं. आदल्या रात्री थंडीत ओ-रिंग (रॉकेटचे सांधे बंद ठेवणाऱ्या रबरी कड्या) टिकतील का यावर वाद झाला, पण तापमान ताडून पाहताना आधीच्या उड्डाणांपैकी फक्त ओ-रिंगना इजा झालेली उड्डाणंच धरली होती. मीही वर्गाला आधी तेवढ्याच सात उड्डाणांची तापमानं देतो: 53, 57, 58, 63, 70, 70, 75 अंश फॅरनहाइट. ‘75 लाही इजा आहे, म्हणजे थंडीचा संबंध नाही,’ असं कोणीतरी म्हणतंच. ‘बाकीची का नाही घेतली?’ एवढं विचारून मी खिडकीपाशी जाऊन उभा राहतो. कोणीतरी उरलेली सोळा मागतं, तेव्हाच ती फळ्यावर येतात. ती सगळी 66 किंवा त्याहून वरची! 65 च्या खाली चार उड्डाणं, चारही इजा झालेली. वर एकोणीस, त्यांत फक्त तीन.

एका वर्षी माझ्या बदली आलेल्या तरुण सहकाऱ्याला पोर्शन संपवायची घाई. ‘बघा, इजा न झालेली गाळली ना!’ म्हणून मोकळा. पोरांनी वहीत उतरवून घेतलं. परीक्षेत दुकानाच्या शाखांच्या तक्रारींचा तक्ता आला, तर त्याच पोरांनी शून्य तक्रारीच्या शाखा खुशाल वगळल्या. कारण? ‘शून्य आहे म्हणून.’

‘सॉफ्टवेअरने दिलं’ हे कारण नव्हे. ‘p 0.05 पेक्षा कमी आला’ (म्हणजे खरा फरक नसताना असा निकाल योगायोगाने येण्याची शक्यता 5 टक्क्यांहून कमी) हेही नाही; ती चाचणीच का लावली ते सांगा.

आलेख न काढता सहसंबंध (दोन गोष्टी किती एकत्र बदलतात ते सांगणारा आकडा, r) काढणाऱ्याला संख्याशास्त्रज्ञ अ‍ॅन्स्कोम्बचे 1973 चे आकड्यांचे चार संच द्यावेत. चारांतही r साधारण 0.816, चित्रं मात्र चार तऱ्हांची. भाषण द्यायची गरज पडत नाही.

पहिल्या बाकावरच्या हुशार मुलीला शेवटी विचारा.

चॅटबॉटकडून आणलेलं कारण लगेच कळतं: गुळगुळीत असतं आणि डेटातला एकही आकडा त्यात नसतो. मी रागवत नाही. ‘कुठल्या ओळीवरून ठरवलंस, बोट ठेव,’ म्हणतो.

आणि दहापैकी दहा गुण उत्तरालाच देणार असाल, तर कारणं सांगायची उठाठेव पोरं कशाला करतील? माझ्याकडे चार उत्तराला, सहा कारणाला. पालक कुरकुरतात.