खाडीकाठी सायकल चालवताना घाटावरच्यांनी या चुका टाळा

बेळगावातल्या सायकलवाल्याला राईड कशी झाली विचारा, तो आधी चढ सांगणार. चोर्ल्याचा चढ, अंबोलीचा चढ, तिलारीला कोण कुठं उतरून चालत गेला ते. त्यामुळे कारवार ते कुमठा हा समुद्रकाठचा मार्ग ॲपवर उघडला आणि खालची चढाची रेघ जवळपास आडवी दिसली, की आम्ही निर्धास्त. सुमारे 70 किलोमीटर, त्यात घाट नाही, म्हणजे उशिरा निघालं तरी चालेल. पहिल्या खेपेला मीही हेच म्हणालो होतो. सकाळी सव्वादहाला कुमठ्याजवळ अघनाशिनी नदीच्या काठी गुडघाभर पाण्यात सायकल खांद्यावर घेऊन उभा होतो, आणि बांधावरून एक म्हातारी मावशी शांतपणे मला बघत होती.

ती पहिली आणि सगळ्यात मोठी चूक: उंचीचा आलेख बघणं आणि तिथी न बघणं.

अघनाशिनीच्या मुखाजवळचा पाणथळ भाग मोठा आहे. 2024 मध्ये त्यातल्या 4,801 हेक्टरला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. इथं खाडीला लागून बांध घालून केलेल्या खार जमिनी आहेत, स्थानिक लोक त्यांना गजनी म्हणतात. पावसाळ्यात तिथं कग्गा नावाचं खाऱ्या पाण्यात तग धरणारं भात होतं, एरवी मासे आणि कोळंबी. पाणी आतबाहेर करायला बांधात लाकडी फळ्यांची उघाडी असते, गोव्याकडे तिला मानस म्हणतात. नकाशावर जी बारीक पांढरी रेघ गावातून गावात जाते, ती पुष्कळदा रस्ता नसतो, असा बांध असतो. वरून काढलेला फोटो ओहोटीच्या वेळचा असला तर तो बांध छान कोरडा दिसतो. भरतीला त्याच्या खोलगट भागावरून पाणी जातं आणि उघाडीच्या तोंडाशी ओढ असते. चाक घसरलं तर बाजूला चिखल, आणि खाडीच्या चिखलात पाय घातला की आधी बूट जातो.

यावर उपाय स्वयंपाकघरातल्या भिंतीवर टांगलेला आहे. कॅलेंडरात तिथी बघा, तिची पाऊणपट करा, भरतीचा अंदाजे तास मिळतो. पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार. हा हिशेब मुंबईकडचा. भरती आपल्या किनाऱ्यानं दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते, म्हणून कारवार-कुमठ्याला साधारण तासभर आधी धरायचं, म्हणजे पावणेतीन. त्याच्या सहा तास आधी, सकाळी साडेआठ-पावणेनऊला, पूर्ण ओहोटी. बांधावरून जायला याहून चांगली वेळ नाही. आता पौर्णिमेचा हिशेब करा: पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, त्यातून तास वजा केला की सव्वादहा. वर पौर्णिमा-अमावस्येला उधाण, म्हणजे पाणी सगळ्यात वर. नाश्ता करून निघालेला ग्रुप नेमका तेव्हाच बांधावर पोहोचतो. आमची ती राईड पौर्णिमेची होती, ‘रात्री चांदण्यात परत येऊ’ म्हणून मुद्दाम ठरवलेली. खाडीत जितकं आत जाल तितकी भरती उशिरा पोहोचते, त्यामुळे हिशेबावर अर्धा-पाऊण तास सैल ठेवा आणि शेवटचा शब्द तिथल्या माणसाचा माना.

तो शब्द समजायला मात्र हवा. कारवारात कोंकणी-मराठीवर भागतं. कुमठ्याकडे कन्नड लागतं, आणि आपलं बाजारातलं कन्नड ‘एष्टु’पाशी, म्हणजे ‘किती’पाशी, संपतं. दोन शब्द पाठ करून जा: भरतीला उब्बर, ओहोटीला इळित. मावशी मला बहुतेक हेच ओरडून सांगत होती.

दुसरी चूक वाऱ्याची. हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला सकाळी वारा जमिनीकडून येतो आणि मंद असतो. अकरा-बारानंतर तो फिरतो आणि वायव्येकडून, समुद्रावरून जोरात लागतो. कारवारहून कुमठ्याला दक्षिणेकडे जाताना तो पाठीला असतो, म्हणून जाताना सगळेच शूर वाटतात. त्याच दुपारी परत फिरलात की ताशी 28 चा वेग 18 वर येतो आणि पायांना कळत नाही, चढ नसताना काय झालं. परत यायचंच असेल तर पहाटे उत्तरेकडचा टप्पा उरका, नाहीतर कुमठ्यात मुक्काम करा. एका दिशेनं जाऊन सायकली गाडीत घालून आणणं यात कमीपणा काही नाही.

बेळगावहून थेट सायकलनं उतरणाऱ्यांची फसगत याच वाऱ्यात होते. खानापूर, लोंढा, रामनगर, जोयडा, मग अणशी घाट आणि कद्रा. घाट उतरला की मनानं राईड संपवलेली असते. पण कद्र्यापासून कारवारपर्यंत काळी नदीच्या काठानं पश्चिमेला जायचं असतं, आणि ती वेळ बरोबर दुपारची. तीसेक किलोमीटर तोंडावर वारा. घाटात रिम ब्रेक सतत दाबून ठेवू नका, रिम तापते आणि ट्यूब जाते. दाबा-सोडा, दाबा-सोडा. जोयड्यापासून पुढचा रस्ता काळी व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातला आहे, मोबाईलला रेंज नसते, म्हणून तिथून अंधार पडायच्या कितीतरी आधी बाहेर पडा. पावसाळ्यात हा बेत करूच नका. 16 जुलै 2024 ला अंकोल्याजवळ शिरूरला महामार्गावर डोंगर कोसळून आला, ते विसरण्यासारखं नाही.

पंक्चरचं वेगळं गणित आहे. आपल्याकडे काटा नाहीतर तार असते, खाडीकाठी कालवांचे आणि तिसऱ्यांचे शिंपले असतात. ते भोक पाडत नाहीत, टायर कापतात. नवी ट्यूब घातली, हवा भरली, दोन किलोमीटरवर पुन्हा फुस्स, असं झालं तर ट्यूबला दोष देऊ नका. टायर आतून बोटानं चाचपा, अडकलेला कपचा काढा, आणि चीर पडली असेल तर आतून जुन्या टायरचा तुकडा लावा. तो नसेल तर दहाची नोट दुहेरी घडी करून लावली तरी गावापर्यंत येते. 25 मिमीच्या टायरमध्ये 100 पीएसआय दाबानं हवा भरून बांधावर जाण्यापेक्षा 32 मिमीचा टायर 60 च्या आसपास ठेवा. जांभ्याच्या खडीवर तोच चालतो.

महामार्गावर घसरायला कारण माशांच्या गाड्या. त्यांच्यातून बर्फाचं, माशांचं पाणी ठिबकत जातं, वळणावर त्याचा तेलकट पट्टा होतो. त्यावर ब्रेक लावू नका. डिस्क ब्रेकवर ते उडालं की ब्रेक किंचाळतो आणि धरत नाही. पॅड घासून आणि रोटर, म्हणजे ब्रेकची चकती, स्पिरिटनं पुसून बहुधा काम होतं. खाडीपुलांचे लोखंडी जोड ओले असताना काटकोनात ओलांडा. काळी नदीवरचा जुना पूल 7 ऑगस्ट 2024 ला कोसळला आणि दोन्ही बाजूंची वाहतूक नव्या पुलावर आली, म्हणून मित्राकडून आलेला जुना ट्रॅक तसाच डोळे मिटून पाळू नका. कारवारच्या पुढे बोगद्यात शिरताना मागचा लाल दिवा लागलेला हवा, भर दुपारीसुद्धा. आणि नौदलाच्या तळाच्या कुंपणापाशी सेल्फीसाठी थांबायचं नाही, ड्रोनचं तर नावही काढायचं नाही.

तदडी आणि अघनाशिनी गावांमधल्या बोटीवर चढताना क्लीटचे, म्हणजे पेडलमध्ये अडकणारे, बूट काढा. धक्क्याच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं. आमच्यातला एकजण सायकलसकट बसूनच खाली गेला. सायकलला काही झालं नाही, हे त्यानं तीनदा सांगितलं.

पाण्याबद्दल थोडक्यात. बेळगावच्या हवेत घाम येतो आणि वाळतो, इथं वाळतच नाही, त्यामुळे किती गेला ते कळत नाही. नुसतं साधं पाणी पीत राहिलात तर गोळे येऊ शकतात. एका बाटलीत ओआरएस ठेवा, पण पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात. लिटरचं पाकीट छोट्या बाटलीत ओतलं की पोट बिघडतं. शहाळं उत्तम. कुंदा, आपली बेळगावची दुधाची मिठाई, जर्सीच्या खिशात नेऊ नका. चवीबद्दल वाद नाही, पण दहा वाजेपर्यंत त्याचं काय होतं ते मी पाहिलंय.

शेवटी मीठ. चेन एका रात्रीत तांबूस होते, ते निदान दिसतं. न दिसणारं नुकसान म्हणजे ॲल्युमिनियमच्या फ्रेममध्ये बसलेले स्टीलचे बोल्ट आणि सीटपोस्ट, म्हणजे सीटचा दांडा. खारं पाणी मध्ये राहिलं की स्टीलच्या संगतीत ॲल्युमिनियम खाल्लं जातं आणि सहा महिन्यांनी सीटपोस्ट हलतच नाही. म्हणून जाण्याआधी सीटपोस्टला आणि बोल्टच्या आट्यांना ग्रीस लावा. कार्बन असेल तर ग्रीस नको, त्याची वेगळी पेस्ट मिळते. राईड संपली की त्याच संध्याकाळी गोड्या पाण्यानं सायकल धुवा. ‘घरी जाऊन रविवारी धुऊ’ म्हणून गाडीच्या टपावर बांधलीत तर मीठ रात्रभर तिथंच बसतं. प्रेशरचा फवारा चाकाच्या हबवर आणि बॉटम ब्रॅकेटवर, म्हणजे पेडलच्या आसावर, मारू नका, खारं पाणी आत ढकललं जातं. साधी बादली, पाण्याचा मग, थोडा साबण, जुना टॉवेल, आणि कोरडी झाल्यावर चेनला तेल. लॉजवाल्याला आधी विचारून घ्या, आणि त्याचा टॉवेल वापरू नका.