तीन नंबरचा सिलिंडर मोजायचा कुठून?

भेरूघाट चढताना गाडी मिसिंग मारायला लागली, इंदूरला परतून दोषाचा कोड वाचणारा स्कॅनर लावला आणि पी ०३०३ कोड आला, तर शेवटचा आकडा सिलिंडरचा असतो. म्हणजे मिसफायर (इंधन नीट न पेटणं) तिसऱ्यात. (पी ०३०० आला, तर दोष एकाच सिलिंडरवर ठरत नाही.) पण मोजणीच चुकीच्या टोकाकडून केली, तर आग सोमेश्वरी अन् बंब रामेश्वरी!

म्हणून आधी एक नंबर शोधा. बॉनेट उघडून डावीकडून मोजू नका. छोट्या गाड्यांत इंजिन बहुधा आडवं असतं, त्यामुळे इंजिनाची पुढची बाजू गाडीच्या कडेला येते. अल्टरनेटरचा पट्टा फिरवणारी पुली दिसते ते पुढचं टोक, गिअरबॉक्स जोडलेलं ते मागचं. बहुतेक गाड्यांत पुलीकडून एक, दोन, तीन. डस्टर आणि व्हेरिटोमधलं रेनोचं १.५ लिटर डिझेल मात्र उलटं, त्यात एक नंबर फ्लायव्हीलकडे, म्हणजे गिअरबॉक्सच्या टोकाला. तेव्हा आपल्या मॉडेलचं मॅन्युअल पाहाच.

चार सिलिंडरच्या इंजिनात बहुधा दिसणारा १-३-४-२ हा स्पार्कचा क्रम. त्याचा जागेशी संबंध नाही.

व्ही इंजिनात दोन रांगा, आणि कंपनीगणिक पद्धत वेगळी. टोयोटाच्या व्ही-६ मध्ये १-३-५ एका रांगेत, २-४-६ दुसऱ्या. फोर्डच्या व्ही-८ मध्ये (ड्रायव्हरच्या सीटवरून पाहता) उजवीकडे १ ते ४, डावीकडे ५ ते ८. सुबारूच्या बॉक्सरमध्ये, म्हणजे आडव्या, समोरासमोरच्या सिलिंडरच्या इंजिनात, उजवीकडे १ आणि ३, डावीकडे २ आणि ४. एक नंबर ज्या रांगेत, ती बँक १.

आता पेट्रोल गाडीत नवी कॉइल (प्लगला स्पार्कसाठी वीज देणारी) घेण्याआधी अदलाबदल करून बघा. इंजिन थंड होऊ द्या, चावी काढा. कनेक्टरचं प्लास्टिक लॉक उष्णतेने ठिसूळ झालेलं असतं, वायर अजिबात ओढू नका. लॉक दाबून कनेक्टर धरूनच काढा. बोल्ट बहुधा १० नंबरच्या पान्याने निघतो. खालचा रबरी बूट प्लगला चिकटलेला असतो, म्हणून कॉइल थोडी पिळून सरळ वर घ्या. तीनची कॉइल एकवर, एकची तीनवर लावा, कोड पुसा आणि जवळच चक्कर मारा. चेक लाइट लुकलुकत असेल तर गाडी दामटू नका. न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जाऊन धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करतं.

पुन्हा स्कॅन केल्यावर पी ०३०१ आला, तर कॉइलच गेली. पी ०३०३ कायम राहिला, तर कॉइल ठीक आहे. तिसरा प्लग काढून बघा, इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) त्यानंतर.