नवरा अमेरिकेत, नवरी सांगलीत: जोडीदाराच्या व्हिसाची तयारी

मुलगा अमेरिकेचा नागरिक, मुलगी सांगली-मिरजेची, आणि मुलाची रजा जेमतेम तीन आठवड्यांची. अशी लग्नं आपल्याकडे आता नवी नाहीत. (मुलगी तिकडे आणि मुलगा इकडे असेल तर पुढचं सगळं उलटं धरून वाचा.) या तीन आठवड्यांत कागद नीट झाले तर पुढचं बहुतेक काम घरबसल्या होतं. एखादा राहिला, तर त्या एका सहीसाठी मुलाला पुन्हा विमानाचं तिकीट काढावं लागतं. म्हणून तयारी लग्नानंतर नाही, कार्यालय बुक केल्याच्या दिवसापासून सुरू करायची.

आधी मुलाचा तिकडचा दर्जा पाहा. नागरिकाच्या जोडीदाराला व्हिसांच्या संख्येची वार्षिक मर्यादा लागू नाही. मुलगा ग्रीन कार्डधारक असेल तर अर्ज 'एफ२ए' प्रवर्गात जातो. तिथे रांग असते आणि दर महिन्याच्या व्हिसा बुलेटिनमध्ये आपली तारीख आली का ते बघत बसावं लागतं. मधेच तो नागरिक झाला तर लगेच कळवायचं, म्हणजे रांगेतून सुटका होते. मुलगा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असेल तर जोडीदाराला एच-४ मिळतो. ती वाट निराळी, इथलं फारसं काही तिला लागू होत नाही.

आता नाव. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. मराठी नाव तीन पदरी: स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आणि आडनाव. पासपोर्टवर रकाने दोनच, त्यामुळे वडिलांचं नाव मुलीच्या नावाला चिकटून पहिल्या रकान्यात बसतं. लग्नानंतर सासरच्या हौसेने आधारवर नाव बदललं जातं, बँक तेच उचलते, पॅनवर अर्धंच बदलतं आणि पासपोर्ट माहेरचाच राहतो. मग एकाच बाईची तीन नावं तयार होतात. लग्नानंतर नाव बदलणं कायद्याने सक्तीचं नाही. व्हिसा हातात येईपर्यंत सगळीकडे माहेरचंच नाव ठेवणं सर्वात सोपं. बदलायचंच असेल तर तिकडे अर्ज जाण्याआधी पासपोर्टसह सगळीकडे एकदम बदला, अर्धवट ठेवू नका. स्पेलिंगही बघा. जयश्रीच्या शेवटी 'आय' आहे की डबल 'ई', वैशालीत 'एस' नंतर 'एच' आहे का, आईचं नाव जन्मदाखल्यावर आणि पासपोर्टवर सारखंच आहे का. पासपोर्टवरचं स्पेलिंग प्रमाण धरा आणि बाकीचं त्याला जुळवा.

विवाह नोंदणी दाखला हा या प्रकरणाचा कणा. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याखाली ही नोंदणी होते: शहरात महापालिका किंवा नगरपालिकेत, गावात ग्रामपंचायतीत ग्रामसेवकाकडे, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. नमुना 'ड' चा अर्ज भरायचा, दाखला नमुना 'इ' मध्ये मिळतो. वधू, वर आणि तीन साक्षीदार लागतात, शिवाय लग्न लावणाऱ्या भटजींची सही. सगळं अडतं ते या भटजींपाशी. लग्नसराईत ते दुसऱ्या दिवशी तासगावला, तिसऱ्या दिवशी जतला. म्हणून अर्ज आधीच भरून कार्यालयात न्या, अक्षता पडल्या की दक्षिणेबरोबरच सही उरका आणि त्यांच्या आधारची प्रत तिथेच घ्या. साक्षीदार असे निवडा की जे आठवडाभर गावात असतील. पुण्याहून आलेला मामा रात्रीच्या गाडीने परत जातो. सत्यनारायण झाला की दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी मिळून नोंदणी कार्यालय गाठायचं. लग्नपत्रिकेवरची तारीख, नावं आणि स्थळ अर्जाशी जुळलेलं हवं. पत्रिकेत 'चि. सौ. कां. पिंकी' छापलं असेल तर खरं नावही छापून घ्या. दाखला हातात पडला की खिडकीवरून हलायच्या आधी तो इंग्रजी बाजूसकट वाचा, आणि दोन-तीन मूळ प्रती मागून घ्या.

नोटरीकडे स्टॅम्पपेपरवर केलेलं 'लग्न' किंवा मंगल कार्यालयाची पावती म्हणजे विवाह नोंदणी नव्हे. असा कागद जोडला तर अर्ज तिथेच अडकतो. विशेष विवाह कायद्याने रजिस्टर लग्न करायचं तर ३० दिवसांची नोटीस लागते, तीन आठवड्यांच्या रजेत ते बसत नाही. काही घरांत आधीच्या सुट्टीत रजिस्टर लग्न उरकून अर्ज टाकतात आणि विधी पुढच्या वर्षी करतात. ते चालतं, पण मग कायद्याने लग्नाची तारीख पहिलीच, आणि ती प्रत्येक फॉर्मवर तीच लिहायची. मधल्या काळात दुसऱ्या कुठल्या अर्जावर 'अविवाहित' लिहून ठेवलं असेल तर मुलाखतीत तो कागद समोर येतो.

एजंट विवाह नोंदणी दाखल्यावर अपोस्टिल, म्हणजे परदेशात दाखवण्यासाठीचा सरकारी शिक्का, करून घ्यायला सांगतात. अमेरिकेच्या या अर्जासाठी त्याची गरज नाही, ते पैसे वाचवा. फक्त मराठीत असलेल्या कागदांना मात्र इंग्रजी भाषांतर हवं, आणि त्याखाली भाषांतरकाराचं सही केलेलं निवेदन: मला दोन्ही भाषा येतात आणि भाषांतर पूर्ण व अचूक आहे. शिक्के आणि समासातले हस्तलिखित शेरेही भाषांतरात आले पाहिजेत.

जन्मदाखला लग्नाआधीच बाहेर काढून बघा. जुन्या दाखल्यांवर बाळाच्या नावाची जागा रिकामीच असते, कारण नोंद झाली तेव्हा बारसंच झालेलं नसायचं. जिथे जन्माची नोंद आहे तिथेच नाव घालून मिळतं. नोंदच सापडत नसेल तर अनुपलब्धतेचा दाखला घ्या, त्याला शाळा सोडल्याचा दाखला आणि आईवडिलांची किंवा जवळच्या नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं जोडा. दोघांपैकी कुणाचं आधी लग्न झालं असेल तर घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची कोर्टाची सही-शिक्क्याची नक्कल लागते. फारकतीचा कागद किंवा गावकीतली सोडचिठ्ठी चालत नाही.

लग्न खरं आहे याचा पुरावा वेगळा गोळा करावा लागतो. स्थळ पाहून ठरवलेली लग्नं मुंबईतल्या अमेरिकी व्हिसा अधिकाऱ्यांना नवी नाहीत, त्यांना फक्त तारखांचा क्रम पटायला हवा. बायोडाटा कधी गेला, बघण्याचा कार्यक्रम किंवा व्हिडिओ कॉल कधी झाला, साखरपुडा, लग्न आणि मुलगा परत गेला तो दिवस, हे एका पानावर लिहून काढा. फोटोग्राफरने दिलेला पाचशे फोटोंचा अल्बम नको. साखरपुडा, हळद, सप्तपदी, जेजुरी, लग्नानंतरचं एकत्र फिरणं, असे २०-२५ फोटो निवडा. दोघं दोन्हीकडच्या माणसांत दिसतात असे जास्त घ्या आणि प्रत्येकाखाली तारीख, जागा, माणसं लिहा. विमानाची तिकिटं, पासपोर्टवरचे शिक्के, पैसे पाठवल्याच्या पावत्या आणि विम्यावर नॉमिनी म्हणून एकमेकांचं नाव यांना वजन आहे. व्हॉट्सॲपची दोनशे पानं छापू नका, दर महिन्याचं एखादं पान पुरे.

अर्ज मुलगा तिकडून करतो. फॉर्म आय-१३०, त्याबरोबर जोडीदाराचा आय-१३०ए. ऑनलाइन भरला तर शुल्क ६२५ डॉलर आणि कागदी भरला तर ६७५, हा एप्रिल २०२४ पासूनचा दर. भरायच्या दिवशी पुन्हा बघा. या फॉर्ममध्ये मुलीचं नाव आणि पत्ता तिच्या लिपीत, म्हणजे देवनागरीत मागतात. मुलाला मराठी टायपिंग येत नसेल तर ते इकडून लिहून पाठवा. अर्ज गेल्यानंतर मुलीला पर्यटक व्हिसा मिळेल यावर विसंबू नका. तिकडे कायम राहायचा अर्ज चालू असताना 'फिरून परत येते' हे पटवणं अवघड जातं.

मंजुरीनंतर प्रकरण नॅशनल व्हिसा सेंटरकडे जातं. तिथे ३२५ डॉलर व्हिसा शुल्क आणि १२० डॉलर आर्थिक हमीच्या छाननीचे. त्यांच्या पत्राला वर्षभर काहीच उत्तर दिलं नाही तर अर्ज रद्द होऊ शकतो, म्हणून ईमेल कोण बघणार ते ठरवून टाका. आर्थिक हमीचा फॉर्म आय-८६४ मुलगा भरतो. उत्पन्न तिकडच्या गरिबी मर्यादेच्या १२५ टक्के हवं. २०२५ च्या आकड्यांनी दोघांच्या कुटुंबाला ते २६,४३७ डॉलर होतं. करविवरण भरताना आईवडिलांना अवलंबून दाखवलं असेल तर तीही डोकी मोजली जातात. उत्पन्न कमी पडलं तर अमेरिकेत राहणारा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक सहहमीदार घेता येतो. सासऱ्यांच्या नावावरची पाच एकर द्राक्षबाग कितीही चांगली असली तरी तो सातबारा इथे उपयोगाचा नाही.

मुलीचा व्हिसा अर्ज म्हणजे फॉर्म डीएस-२६०. त्यात वयाच्या १६ व्या वर्षापासूनचा प्रत्येक पत्ता आणि गेल्या पाच वर्षांतली समाजमाध्यमांवरची खाती विचारतात. पुण्यातलं हॉस्टेल, कोथरूडची कॉट बेसिस खोली, हिंजवडीचा फ्लॅट, सगळं महिना-वर्षासह वहीत आधी उतरवा आणि मगच संगणकापुढे बसा. एकदा पाठवला की आपल्याला दुरुस्त करता येत नाही, तो त्यांच्याकडून उघडून घ्यावा लागतो.

पोलीस क्लिअरन्स, म्हणजे पीसीसी, याच टप्प्यावर काढा. लग्नाबरोबर काढून ठेवलेला मुलाखतीपर्यंत जुना होऊ शकतो. तो पोलीस ठाण्याचा चारित्र्य दाखला नव्हे, पासपोर्ट कार्यालयाचा लागतो. सांगली आणि सातारा दोन्ही पुण्याच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाखाली येतात, आणि सप्टेंबर २०२२ पासून पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रांतही पीसीसीचा अर्ज घेतात. शुल्क ५०० रुपये. अडतं ते पडताळणीत. मुलगी माहेरी विश्रामबागला की सासरी ईश्वरपूरला (पूर्वीचं इस्लामपूर) की नोकरीला पुण्यात? हवालदार ज्या पत्त्यावर येईल तिथे ती हजर हवी, शेजारच्यांना ती ओळखीची हवी. नाहीतर 'पत्त्यावर राहत नाही' असा शेरा पडतो आणि महिना जातो. दुबई-मस्कतला वर्षभर किंवा जास्त राहणं झालं असेल तर तिथलाही पोलीस दाखला लागतो, तो आधी मागवा.

फोटोला स्टुडिओत जाताना माप सांगा: दोन इंच बाय दोन इंच, पांढरी पार्श्वभूमी, चष्म्याशिवाय, सहा महिन्यांतला. न सांगता तो आपला नेहमीचा पासपोर्ट साइज काढतो, वर प्रेमाने चेहरा उजळही करतो. संगणकावर फेरफार केलेला फोटो परत येतो.

वैद्यकीय तपासणी नेमून दिलेल्या डॉक्टरांकडेच होते. मिरजेत कितीही मोठी हॉस्पिटलं असली तरी त्यासाठी मुंबई धरून चला. लसींचं जुनं कार्ड शोधा. गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, धनुर्वात, हिपॅटायटिस-बी यांची नोंद नसेल तर तिथे डोस घ्यावे लागतात. छातीचा एक्स-रे असतोच. लहानपणी टीबीचा उपचार झाला असेल तर जुनी फाइल आणि एक्स-रे न्या, लपवू नका. फुप्फुसावर डाग दिसला की थुंकीची कल्चर तपासणी होते आणि तिचा निकाल यायला आठ आठवडे लागतात. म्हणून मुलाखतीची तारीख कळली की त्याच दिवशी तपासणीची वेळ ठरवून टाका.

मुलाखत मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वाणिज्य दूतावासात. त्याआधी बोटांच्या ठशांसाठी वेगळी वेळ घ्यावी लागते. महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून सकाळी थेट रांगेत उभं राहू नका. आदल्या दिवशी पोचा. मोबाइल आणि बॅग आत नेता येत नाही, कागद पारदर्शक फोल्डरमध्ये. वरून खाली क्रम असा: मुलाखतीचं पत्र, पासपोर्ट, डीएस-२६० ची पावती, विवाह आणि जन्म दाखल्यांच्या मूळ प्रती, पीसीसी, आय-८६४ आणि करपत्रं, शेवटी फोटो. मराठीत बोलायचं असेल तर सुरुवातीलाच सांगा. प्रश्न साधे असतात: नवरा काय काम करतो, कोणत्या शहरात राहतो, लग्नाला किती माणसं होती, सासू-सासरे कुठे असतात. पाठ केलेलं उत्तर लगेच ओळखू येतं. एखादा कागद कमी पडला तर २२१(जी) ची चिठ्ठी मिळते. त्यावर लिहिलेला कागद सांगितलेल्या पद्धतीने पाठवा, घाबरून दुसरा अर्ज टाकू नका.

पासपोर्टवर व्हिसा चिकटून येईपर्यंत नोकरीचा राजीनामा आणि निरोपाची जेवणं, दोन्ही थांबवा. व्हिसा साधारण सहा महिन्यांचा असतो आणि वैद्यकीय तपासणीच्या मुदतीपुढे जात नाही. निघण्याआधी २३५ डॉलर इमिग्रंट शुल्क ऑनलाइन भरा, ते न भरल्यास ग्रीन कार्ड छापून येत नाही. एक्स-रेची सीडी दिली असेल तर ती हातातल्या सामानात ठेवा, लोणच्याच्या बरणीपासून लांब. तिकडे उतरताना लग्नाला दोन वर्षं पूर्ण झाली नसतील तर कार्ड सशर्त, दोन वर्षांचंच मिळतं. त्याची मुदत संपायच्या आधीच्या ९० दिवसांत ती अट काढण्याचा फॉर्म आय-७५१ भरायचा असतो. त्यासाठी पुन्हा एकत्र राहिल्याचे पुरावे लागतात, तेव्हा घरभाड्याच्या करारावर पहिल्या महिन्यापासून दोघांची नावं घाला.