प्लेटलेट कायम कमी येतात? आधी स्लाइड बघा

सांगलीतल्या एका लहान लॅबमध्ये मी २१ वर्षं स्लाइड बघतेय. डेंगीच्या दिवसांत वीस-तीस हजाराच्या आकड्याची डोळ्यांना सवय होऊन जाते. पण ताप नाही आणि आकडा लहानपणापासून कमीच, असं कोणी सांगितलं की मशीनवर विसंबू नका, आजार आनुवंशिकही असू शकतो. आमच्याकडे नव्याने आलेल्या प्रत्येकाला मी हेच शिकवते.

एक १४ वर्षांची मुलगी आली होती. मशीनवर ३२,०००. दुसरीकडे आयटीपी (शरीर स्वतःच्याच प्लेटलेट मारतं तो आजार) समजून दीड वर्ष स्टेरॉइड दिलेलं. चेहरा सुजला होता, आकडा मात्र हलला नव्हता.

आधी ईडीटीएची, म्हणजे ट्यूबमध्ये रक्त गोठू नये म्हणून घातलेल्या रसायनाची, शंका फेडून घ्या. काही जणांच्या प्लेटलेट त्या ट्यूबमध्ये एकमेकींना चिकटतात आणि आकडा खोटाच कमी येतो. स्लाइडच्या शेपटीकडे गठ्ठे दिसले तर सायट्रेट या दुसऱ्या रसायनाच्या ट्यूबमध्ये पुन्हा रक्त घ्या; त्या द्रवाने रक्त थोडं पातळ होतं, म्हणून आलेल्या आकड्याला १.१ ने गुणा. या मुलीत गठ्ठे नव्हते.

स्लाइड ताज्या रक्ताचीच करा. पुढे पांढऱ्या पेशींत जो निळा डाग शोधायचा आहे, तो ट्यूबमध्ये तासन्‌तास पडलेल्या रक्तात फिकट होत जातो. लीशमन स्टेन (पेशी रंगवायचा रंग) करा, बफरचा पीएच ६.८ ठेवा आणि सूक्ष्मदर्शकाची ऑइल इमर्शन ही तेलाच्या थेंबातून बघायची भिंग लावा. प्लेटलेट साधारण २-३ मायक्रॉनची असते; इथे कित्येक जवळजवळ लाल पेशीएवढ्या होत्या. मशीन अशा मोठ्या प्लेटलेटना लाल पेशीत मोजून टाकतं. म्हणून न्यूबॉअर चेंबर (पेशी हाताने मोजायची, चौकटी आखलेली काच) काढा, १ टक्का अमोनियम ऑक्झलेटमध्ये रक्त १:२० पातळ करा, चेंबर ओल्या फिल्टर पेपरच्या झाकणाखाली १५ मिनिटं ठेवून मोजा. हातमोजणीत आकडा ७०,००० आला. आता रिपोर्टचा अर्थच बदलला.

नंतर न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींकडे वळा, घाई करू नका, किमान शंभर बघा. पेशीद्रवात फिकट निळा, चातीसारखा डाग दिसतोय का? इन्फेक्शनमध्येही असे डाग येतात, पण तिथे जोडीला गडद टॉक्सिक दाणे असतात. दाणे नसताना हा डाग, जोडीला मोठ्या आणि कमी प्लेटलेट, असं दिसलं की मनात एमवायएच-९ चा आजार, म्हणजे त्या नावाच्या जीनमधल्या बिघाडाचा आनुवंशिक आजार, आला पाहिजे. साध्या स्टेनमध्ये डाग कधी दिसतही नाही. मग इम्युनोफ्लुरोसेन्स, म्हणजे चमकणाऱ्या रंगाने प्रोटीन दाखवणारी तपासणी, लागते.

तो डाग म्हणजे गोळा झालेलं मायोसिन हे प्रोटीन. प्लेटलेटला आतून सांगाडा असतो: कडेने ट्युब्युलिनचं कडं, जे तिला चपटी गोल ठेवतं, आत ॲक्टिनचे धागे, ॲक्टिनला पडद्यावरच्या रिसेप्टरशी बांधणारं फिलामिन, आणि धागे ओढून गुठळी आवळणारं मायोसिन. अस्थिमज्जेतली मेगाकॅरिओसाइट लांब शेपट्या काढून प्लेटलेट तयार करते, तेव्हाही हाच सांगाडा राबतो. २२ व्या क्रोमोसोमवरचा एमवायएच-९ जीन बिघडला की शेपट्या नीट निघत नाहीत आणि मोजक्याच, पण थोराड प्लेटलेट रक्तात येतात. मे यांनी १९०९ मध्ये आणि हेग्लिन यांनी १९४५ मध्ये असे रुग्ण वर्णन केले. जीन सापडला २००० मध्ये.

उलट प्लेटलेट बारीक असतील, मुलगा असेल, अंगावर इसब आणि सतत इन्फेक्शन असेल तर विस्कॉट-ऑल्ड्रिच या दुसऱ्या आनुवंशिक आजाराचा विचार करा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. तिथे दोष ॲक्टिनला फांद्या फोडायला लावणाऱ्या प्रोटीनमध्ये असतो.

आता खुर्ची पुढे ओढून घरच्यांशी बोला. मी मुलीच्या आईला विचारलं, “ताई, घरात कुणाला ऐकू कमी येतं का?” त्या म्हणाल्या, “माझ्या भावाला मशीन आहे, मलाही डाव्या कानाने कमीच येतं.” बाळंतपणात रक्त जास्त गेलं होतं का, मोतीबिंदू लवकर झाला का, लघवीला फेस येतो का, हेही विचारा. हाच जीन कान, मूत्रपिंड आणि डोळ्यांवरही परिणाम करतो. आईची स्लाइड लगेच केली. तेच निळे डाग. घरात कुणालाच नसेल तरी निदान सोडू नका, बिघाड नव्यानेही होतो.

रिपोर्टमध्ये नुसता आकडा लिहू नका. ‘महाकाय प्लेटलेट, हातमोजणी ७०,०००, न्यूट्रोफिलमध्ये फिकट निळे डाग, आनुवंशिक आजाराची शक्यता, हिमॅटॉलॉजिस्टचा (रक्तविकारतज्ज्ञाचा) सल्ला घ्यावा’ असं स्पष्ट लिहा. लघवीतलं प्रोटीन, क्रिएटिनिन आणि ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) सुचवा. स्टेरॉइड किंवा प्लीहा काढणं हा यावरचा इलाज नव्हे. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन टाळायचं आणि दाढ काढायच्या आधीही डॉक्टरांना सांगायचं. ऑपरेशन ठरलं असेल तर काहींना एल्ट्रोम्बोपॅग हे औषध देऊन आकडा वाढवता येतो, तो निर्णय हिमॅटॉलॉजिस्टचा.

त्या मुलीचं स्टेरॉइड हिमॅटॉलॉजिस्टनी हळूहळू कमी करत बंद केलं. आता वर्षातून एकदा ती लघवी तपासायला येते, आणि तिची स्लाइड मी स्वतःच बघते.