कुत्र्याला लस टोचताना: घरासाठी आणि मळ्यासाठी

"घरनं कुत्रं शे, त्याले काय व्हस?" रावेरकडच्या केळीच्या बागेत हे जितक्या सहज म्हणतात, तितक्याच सहज धुळ्याच्या कॉलनीतही. पण घरचं कुत्रं रात्री कुंपणाखालून निघतं, उकिरड्यावर दुसऱ्याशी भांडतं आणि पहाटे ओट्यावर येऊन झोपतं. सातपुड्याच्या पायथ्याला त्यात कोल्ह्या-मुंगसांची भर. चावा केसांत दडला की मालकाला दिसतही नाही. रेबीजची लक्षणं साधारण एक ते तीन महिन्यांनी, कधी त्याहून उशिरा दिसतात. ती दिसल्यावर ना कुत्रं वाचतं, ना माणूस.

लोक लस टाळतात ती निव्वळ हट्टाने नाही. अमेरिकेत 2023 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत निम्म्याहून जास्त श्वानमालकांनी लसीबद्दल काही ना काही शंका बोलून दाखवली. तिकडे काहींना कुत्र्याला ऑटिझम होईल अशी भीती. आपल्याकडे भीती वेगळी: सुई टोचली की कुत्रं राखण सोडतं. लसीने स्वभाव बदलत नाही. एखाद-दोन दिवस कणकण येते, कुत्रं सुस्त पडतं, जेवण कमी करतं, एवढंच. नसबंदीच्या वेळीही रेबीजची लस देतात, म्हणून नंतर दिसलेल्या प्रत्येक बदलाचं खापर सुईवर फुटतं.

खरी अडचण तिसऱ्याच तक्रारीत आहे: "लस दिली तरी पिल्लू गेलं." ही तक्रार बहुतेकदा पार्वोची (पिल्लांना रक्ताची हगवण लावणाऱ्या विषाणूच्या रोगाची) असते आणि ती खोटी नसते. पिल्लाला आईच्या चिकातून तयार प्रतिपिंडं (रोगाशी लढणारे घटक) मिळतात. ती अंगात असेपर्यंत लसीला निकामी करतात आणि कोणत्या पिल्लात कधी ओसरतील ते सांगता येत नाही. कुठे आठव्या आठवड्यात, कुठे सोळाव्या. म्हणून एक सुई देऊन भागत नाही. सहा ते आठ आठवड्यांचं झाल्यावर पहिली एकत्रित लस (डिस्टेंपर, पार्वो आणि हिपॅटायटिस या रोगांवरची; लेप्टोस्पायरोसिसचा डोस कधी घ्यायचा ते डॉक्टर ठरवतात), मग दर तीन-चार आठवड्यांनी पुढची, आणि शेवटची सोळा आठवडे भरल्यावर. लस दिल्यानंतर चारच दिवसांत रक्ताची हगवण लागली, तर तो संसर्ग बहुधा सुईच्या आधीच शिरलेला असतो. बाजारातून आणलेल्या पिल्लाला त्याच संध्याकाळी टोचू नका. आठवडाभर घरात ठेवून बघा, जंताचं औषध द्या, ताप-जुलाब नाही याची खात्री करा, मग न्या.

रेबीजचा हिशोब सोपा आहे. तीन महिने पूर्ण झाल्यावर पहिला डोस, एक मिलिलीटर. महिन्याभराने दुसरा, मग दरवर्षी एक. संरक्षण तयार व्हायला तीन-चार आठवडे लागतात, म्हणून शेजारचं कुत्रं पिसाळल्यावर धावपळ करणं म्हणजे आग लागल्यावर विहीर खणणं. मांजरीलाही हीच लस लागते. तिला सगळे विसरतात. भटक्या कुत्र्याच्या कानाला खाच असेल तर त्याची नसबंदी झाली आहे आणि त्या वेळी लसही दिली होती, एवढंच समजायचं. यंदाची लस झाली आहे असा तिचा अर्थ नाही.

आता आपल्या उन्हाकडे या. लस दोन ते आठ अंश सेल्सिअसमध्ये राहायला हवी, आणि मे महिन्यात भुसावळला पारा पंचेचाळीसकडे जातो. मेडिकलमधून कुपी खिशात टाकून मोटारसायकलवर मळ्यापर्यंत नेली, तर टोचलेलं औषध नुसतं पाणी ठरू शकतं. उलटी चूकही तितकीच होते: थंड राहावी म्हणून कुपी बर्फात पुरतात किंवा फ्रीझरमध्ये ठेवतात. रेबीजची लस गोठली की तिच्यातला घटक गोळा होऊन तळाशी बसतो. मग कितीही हलवा, उपयोग नाही, ती फेकायचीच. नेण्यासाठी रुंद तोंडाचा थर्मास घ्या, तळाशी बर्फाची पिशवी, वर वर्तमानपत्राची जाड घडी, त्यावर कुपी. फ्रीजच्या दारात ठेवू नका, दार उघडलं की तिथलं तापमान सर्वात आधी चढतं. वीज तासन्‌तास जात असेल तर दुकानदाराला सरळ विचारा, फ्रीज इन्व्हर्टरवर आहे का. सगळ्यात बरं म्हणजे कुत्र्यालाच पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यायचं, सकाळी लवकर.

मळ्यातलं कुत्रं साखळीला सवयीचं नसतं. मीटरभर लांब सुती पट्टी घ्या. नाकाडावर सैल फास टाकून ओढा, टोकं हनुवटीखाली एकदा फिरवा आणि कानामागे गाठ मारा. कुत्रं धापा टाकूनच अंग थंड करतं, त्यामुळे तोंड दोन मिनिटांहून जास्त बांधून ठेवू नका. सुई खांद्यामागच्या सैल कातडीखाली देतात. टोचून झाल्यावर तिथले केस ओले लागले, तर सुई कातडीच्या आरपार गेली आणि डोस बाहेर सांडला असं समजा आणि डॉक्टरांना लगेच दाखवा. अर्धा तास तिथेच थांबा. तोंड सुजलं, उलट्या झाल्या किंवा अंगावर गांधी उठल्या तर उपचार हाताशी हवा. असं क्वचितच होतं. सुईच्या जागी छोटी गाठ राहते ती आपोआप जिरते. कार्डावर कुपीचं स्टिकर, बॅच नंबर आणि मुदत लिहून घ्या, मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा.

गावाचा विचार केला तर शंभर कुत्र्यांमागे सत्तरांना लस मिळाली की रेबीजची साखळी तुटते. नवी पिल्लं येतच राहतात, म्हणून हे दरवर्षीचं काम. 28 सप्टेंबरच्या रेबीज दिनाला बऱ्याच ठिकाणी शिबिरं होतात, तेव्हा आपल्याबरोबर गल्लीतली दोन कुत्रीही न्या.

कुत्रं चावलंच, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा, मळ्यात असाल तर मोटारीच्या पाइपाखाली. मिरची, चुना, हळद काही भरू नका. त्याच दिवशी दवाखाना. सरकारी दवाखान्यात कातडीत दिली जाणारी लस 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी असते. रक्त आलं असेल तर जखमेत सीरमही (तयार प्रतिपिंडांचं औषध) भरावं लागतं. पोटातल्या चौदा सुया केव्हाच बंद झाल्या. चावणाऱ्या कुत्र्याला मारू नका, बांधून दहा दिवस बघा. दहा दिवसांनंतरही ते ठणठणीत असेल तर चावताना त्याच्या लाळेत विषाणू नव्हता, आणि पुढचे डोस घ्यायचे की नाही ते डॉक्टर ठरवतील. कुत्र्याला लस झाली आहे म्हणून स्वतःच्या पहिल्या डोसाला उशीर करू नका.

एक चूक फार महागात पडते. पिसाळणं म्हणजे धावून चावणंच, असं नाही. कधी कुत्र्याचा जबडा नुसता लोंबतो, लाळ गळते, आवाज घोगरा होतो, आणि मालक घशात हाड अडकलं समजून तोंडात हात घालतो. गाय-बैलाचंही तसंच: लाळ गळते, हंबरडा थांबत नाही, गिळता येत नाही, आणि वाटतं काहीतरी अडकलं. अशा जनावराच्या तोंडात हात घालू नका. त्याला वेगळं बांधा आणि आधी पशुवैद्यकाला बोलवा.