हायपरटर्मिनलमधून फाईल मधेच अडकते? आधी फ्लो कंट्रोल बघा

जुन्या डॉसच्या कॉम्प्युटरवरच्या फायली सिरीयल केबलने विंडोज एक्सपीवर ओढायला एक्सपीच्या बाजूला हायपरटर्मिनल (केबलवरून अक्षरं आणि फायली पाठवायचा-घ्यायचा प्रोग्रॅम) पुरेसं आहे, तिथे वेगळं काही लागत नाही, एक्सपीत ते असतंच (व्हिस्टापासून काढून टाकलं). पण रड बहुतेकांची एकच, टाईप केलेली अक्षरं पलीकडे नीट उमटतात, म्हणजे केबल ठीक, स्पीड ठीक, आणि एक्समोडेमने (फाईल तुकड्यातुकड्यांनी पाठवायची एक जुनी पद्धत) फाईल पाठवली की रिट्राय रिट्राय होऊन कॅन्सल.

किती बाइट गेल्यावर अडकली तो आकडा बघा. २ केबीलाच अडकत असेल तर फ्लो कंट्रोलमध्ये (पलीकडच्याला 'थांब', 'चालू' कसं सांगायचं ती सेटिंग) एक्सऑन/एक्सऑफ असणार. ते असलं की १७ आणि १९ नंबरचे बाइट पोर्ट 'चालू' आणि 'थांब' समजून गिळून टाकतो, डेटा म्हणून पुढे जातच नाहीत. एक्समोडेम फाईलचे १२८ बाइटचे तुकडे करून प्रत्येकाला नंबर लावतो आणि तो नंबर पण एक बाइटच, त्यामुळे १६ तुकडे जातात, बरोब्बर २०४८ बाइट, आणि १७ वा अडतो, फाईल साधी टेक्स्ट असली तरी. झिप तर त्याच्याही आधी अडते. साध्या टायपिंगमध्ये हे बाइट येत नाहीत म्हणून तिथे सगळं छान दिसतं.

आधी डिसकनेक्ट करा, मग प्रॉपर्टीजमधून कॉन्फिगर. दोन्हीकडे ८ बिट, पॅरिटी नन, स्टॉप बिट १. केबलमध्ये तीनच तारा (९ पिनी कनेक्टरच्या २ आणि ३ नंबरच्या पिना उलटसुलट, ५ सरळ) असतील तर फ्लो कंट्रोल नन, ७-८ पण उलटसुलट जोडलेले असतील तर हार्डवेअर. तीन तारांवर हार्डवेअर ठेवलं तर एक अक्षरही जायचं नाही, परवानगीचा सिग्नल यायला तारच नाहीये ना.

उलट दिशेने, जुन्या मशीनवर पाठवताना कुठेही अडत असेल तर स्पीड कमी करा. तिथल्या पोर्टची चिप १६५५०ए च्या आधीची असेल तर एकच बाइट साठतो, सीपीयूने उचलायच्या आत दुसरा येतो. ९६०० वर १ एमबीला १८ मिनिटांच्या वर लागतील, लागू देत.

आणि आलेली फाईल मूळपेक्षा थोडी मोठी दिसली तर घाबरू नका, शेवटचा १२८ चा तुकडा एक्समोडेम भरतीचे बाइट टाकून पूर्ण करतो. नको असेल तर दोन्हीकडे झेडमोडेम (तशीच दुसरी पद्धत) घ्या, साइज बरोबर येते आणि लाईन तुटली तर राहिलेल्या जागेपासून पुढे चालू करता येतं.