अमेरिकेतील नियंत्रण आणि समतोल : अभ्यास करताना या चुका टाळा

अमेरिकी राज्यपद्धतीवरच्या उत्तरपत्रिका तपासताना एक वाक्य मला दरवर्षी भेटते : 'अमेरिकेच्या राज्यघटनेने १७८७ मध्ये नियंत्रण आणि समतोलाची पद्धत निर्माण केली.' एवढे लिहून विद्यार्थी पुढे सरकतो. वाक्य अगदीच चूक नाही, पण पुढच्या सगळ्या चुका त्याच्याच पोटात असतात. फिलाडेल्फियात ३९ जणांनी सह्या केलेल्या त्या दस्तऐवजात 'नियंत्रण आणि समतोल' हे शब्दही सापडत नाहीत. तिथे आहेत ती मोजकी कलमे. आज आपण जिला पद्धत म्हणतो, ती नंतरच्या दोनशे वर्षांच्या भांडणांतून उभी राहिली. म्हणून माझा आग्रह असतो की कोणताही अंकुश समोर आला की आधी विचारा, हा लिहिलाय कुठे? घटनेत, कायद्यात, निकालात की सभागृहाच्या नियमात? आणि कधीपासून?

आधी शब्दांची एक गल्लत दूर करू. 'काँग्रेस' म्हणजे तिथली संसद, म्हणजे प्रतिनिधिगृह आणि सिनेट मिळून. 'सेक्रेटरी ऑफ स्टेट' म्हणजे परराष्ट्रमंत्री. त्याचे 'राज्य सचिव' असे भाषांतर केले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे मंत्रालयातला सनदी अधिकारी उभा राहतो आणि पुढचा सगळा खटलाच कळेनासा होतो.

'कायदा रद्द करण्याचा अधिकार न्यायालयाला घटनेने दिला'

न्यायव्यवस्थेवरचा तिसरा अनुच्छेद काढून वाचा, फार मोठा नाही. काँग्रेसचा कायदा घटनाबाह्य ठरवण्याचा अधिकार त्यात स्पष्ट शब्दांत कुठेच नाही. आपल्या घटनेतल्या १३ व्या कलमाची सवय असल्यामुळे तो तिथेही असणारच, असे आपण धरून चालतो.

तो आला कसा, ते बघा. निवडणूक हरलेले अध्यक्ष जॉन ॲडम्स १८०१ च्या मार्चमध्ये पायउतार होत होते. जाता जाता त्यांनी आपल्या पक्षाच्या लोकांना न्यायखात्यातल्या जागांवर नेमले. विल्यम मारबरी हा त्यांपैकी एक, राजधानीतला छोटा दंडाधिकारी. त्याच्या नेमणूकपत्रावर ॲडम्स यांची सही झाली, परराष्ट्रमंत्री जॉन मार्शल यांनी मोहोर उमटवली, पण पत्र पोचवायचे राहून गेले. नवे अध्यक्ष जेफरसन यांनी ते अडवून धरले. मारबरी थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. प्रतिवादी होते नवे परराष्ट्रमंत्री जेम्स मॅडिसन. आणि सरन्यायाधीश? तेच मार्शल, ज्यांच्या खात्याकडून पत्र पोचवायचे राहिले होते.

मार्शल यांची पंचाईत झाली. पत्र द्या असा आदेश काढावा, तर जेफरसन तो मानणार नाहीत, हे दिसत होते. काँग्रेसने तर आधीच वेळापत्रक बदलून न्यायालयाला वर्षभर बसूच दिले नव्हते. २४ फेब्रुवारी १८०३ रोजी निकाल आला : मारबरीचा हक्क खरा, पण १७८९ च्या ज्या कायद्याच्या १३ व्या कलमाच्या आधारे तो थेट आमच्याकडे आला, ते कलमच घटनेच्या विरोधात आहे, म्हणून आम्हाला आदेश देता येत नाही. जेफरसन यांना मोडायला आदेशच उरला नाही. मारबरीला नोकरी मिळाली नाही, पण काँग्रेसचा कायदा रद्द ठरवण्याचा अधिकार न्यायालयाने बजावून घेतला होता. माझ्या मते अमेरिकी इतिहासातला हा सर्वांत शहाणपणाने मागे घेतलेला पाय आहे.

इथेच दुसरी चूक होते. या निकालानंतर न्यायालय धडाधड कायदे रद्द करू लागले, असे लिहिले जाते. काँग्रेसचा पुढचा कायदा रद्द झाला तो ५४ वर्षांनी, १८५७ च्या ड्रेड स्कॉट खटल्यात. कृष्णवर्णीय माणूस अमेरिकेचा नागरिक होऊ शकत नाही आणि काँग्रेस आपल्या अखत्यारीतल्या प्रदेशांत गुलामगिरीवर बंदी घालू शकत नाही, असे त्या निकालाने सांगितले. हा डाग पुसायला यादवी युद्ध आणि घटनादुरुस्त्या लागल्या. तेव्हा अंकुश म्हणजे न्याय, असे समीकरण कृपा करून मांडू नका. अंकुश कोणाच्या हातात आहे आणि तो कोणाला टोचतोय, हे दर वेळी पाहावे लागते.

'महाभियोग झाला म्हणजे अध्यक्ष गेला'

ही सर्वांत जास्त आढळणारी चूक. तिथे महाभियोग म्हणजे फक्त आरोप ठेवणे. प्रतिनिधिगृह साध्या बहुमताने तो ठेवते, खटला सिनेटमध्ये चालतो आणि दोषी ठरवायला दोन-तृतीयांश मते लागतात. अँड्र्यू जॉन्सन, बिल क्लिंटन आणि दोनदा डोनाल्ड ट्रम्प यांच्यावर महाभियोग झाला, पण सिनेटने एकालाही दोषी ठरवले नाही. अध्यक्ष रिचर्ड निक्सन महाभियोगाने गेले असेही सर्रास लिहितात. त्यांच्याबाबत प्रतिनिधिगृहाच्या समितीने आरोप मंजूर केले होते, पण सभागृहाचे मतदान होण्याआधीच ९ ऑगस्ट १९७४ रोजी त्यांनी पद सोडले. त्याच्या सोळा दिवस आधी सर्वोच्च न्यायालयाने ८-० अशा एकमताने त्यांना वॉटरगेट प्रकरणातल्या संभाषणांच्या ध्वनिफिती हवाली करायला सांगितले होते. त्या निकालात त्यांनीच नेमलेले न्यायाधीशही होते.

जॉन्सन यांचा १८६८ चा खटला बारकाईने वाचण्यासारखा आहे. सिनेटच्या संमतीने नेमलेल्या अधिकाऱ्यांना तिच्या संमतीशिवाय काढायचे नाही, असा कायदा काँग्रेसने त्यांचा नकाराधिकार धुडकावून केला होता. जॉन्सन यांनी युद्धमंत्री स्टँटन यांना काढले. सिनेटमध्ये तेव्हा ५४ सदस्य होते, म्हणजे ३६ मते हवी होती. पडली ३५. सात रिपब्लिकन सदस्यांनी आपल्याच पक्षाविरुद्ध मत दिले. जॉन्सन यांचे धोरण, विशेषतः मुक्त झालेल्या गुलामांबाबतचे, मला अजिबात पटत नाही. पण त्या एका मताने महाभियोगाचा अविश्वास ठराव होता होता राहिला.

आपले घोडे नेमके इथेच अडते, कारण आपण संसदीय पद्धतीच्या चष्म्यातून पाहतो. डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत हा फरक स्वच्छ मांडला होता : अमेरिकी पद्धत स्थैर्य जास्त देते, संसदीय पद्धत जबाबदारी जास्त, आणि मसुद्याने जबाबदारीला पसंती दिली आहे. ते भाषण वाचल्याशिवाय तुलनात्मक उत्तर लिहायला बसू नका.

'नियमात आहे म्हणजे घटनेत आहे'

सिनेटमध्ये लांबलचक चर्चा थांबवायला ६० मते लागतात, हे घटनेत नाही. तो सभागृहाचा नियम आहे. १९१७ मध्ये तो दोन-तृतीयांशाचा होता, १९७५ मध्ये ६० वर आला आणि नेमणुकांपुरता २०१३ व २०१७ मध्ये मोडला गेला. सर्वोच्च न्यायालयात नऊ न्यायाधीश असावेत, हेही घटनेत नाही. सुरुवात सहापासून झाली, मध्ये दहाही होते, नऊचा आकडा १८६९ पासूनचा. १९३७ मध्ये अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी तो वाढवायचा घाट घातला, तेव्हा त्यांच्याच पक्षाचे प्रचंड बहुमत असलेल्या सिनेटने विधेयक परत समितीकडे धाडले. उलट, अध्यक्षाला दोनच कार्यकाळ हा बराच काळ नुसता रिवाज होता. रूझवेल्ट चौथ्यांदा निवडून आल्यानंतर, १९५१ मध्ये तो २२ वी दुरुस्ती म्हणून घटनेत गेला.

काँग्रेसनेही हद्द ओलांडली आहे. अध्यक्षाच्या खात्याचा निर्णय दोनपैकी एकाच सभागृहाने ठराव करून फिरवायचा, अशी सोय तिने कित्येक कायद्यांत करून ठेवली होती. ती १९८३ मध्ये चढ्ढा खटल्यात कोसळली. शिक्षणासाठी अमेरिकेत आलेल्या, केनियात जन्मलेल्या एका भारतीय वंशाच्या माणसाला देशाबाहेर घालवायचा ठराव प्रतिनिधिगृहाने केला होता. तो टिकला नाही आणि माणूस तिथेच राहिला.

एक वाक्य उत्तरातून काढून टाका

'मार्शल यांनी निकाल दिलाय, आता त्यांनीच तो अमलात आणावा' हे अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांच्या तोंडचे म्हणून दिले जाते. १८३२ च्या, चेरोकी या मूलनिवासी जमातीबाबतच्या खटल्यावरचे. जॅक्सन १८४५ मध्ये वारले. वाक्य या रूपात छापून आले ते त्यानंतर कितीतरी वर्षांनी. शिवाय तो निकाल जॉर्जिया राज्याला उद्देशून होता, त्या क्षणी अध्यक्षांनी अमलात आणावे असे त्यात काहीच नव्हते. जॅक्सन यांनी खरोखर लिहिले ते एका पत्रात : निकाल मृतच जन्माला आला आहे. आणि ते खरे ठरले. निकाल चेरोकींच्या बाजूने असूनही १८३८ मध्ये सैन्याने त्यांना घरांतून काढून पश्चिमेकडे हाकलले. हजारो माणसे छावण्यांत आणि वाटेत मेली.